राखणदार आणि भोळा जीव

आज आपण गोष्टींविषयी बोलणार आहोत. पोथीतल्या किंवा आजीच्या गोष्टी नव्हेत, तर हल्ली मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या एका खास प्रकारच्या कादंबऱ्या. या कादंबऱ्यांत खून असतो, पाठलाग असतो, धमकीच्या चिठ्ठ्या असतात. एक दणकट माणूस असतो. तो पोलीस असेल, माजी सैनिक असेल, नाहीतर पगारावर रखवाली करणारा अंगरक्षक. आणि ज्याच्या जिवावर कुणीतरी उठलंय असा एक साधाभोळा जीव असतो. दणकट माणूस भोळ्याला वाचवतो आणि वाचवता वाचवता दोघं प्रेमात पडतात. तुम्ही म्हणाल, यात नवं काय? निम्मे हिंदी सिनेमे असेच असतात. नवं एवढंच, की या गोष्टींतले दोघंही पुरुष असतात.

हा विषय आमच्या केंद्रावर तुमच्याच प्रश्नांतून आला. कुणाच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये अशी गोष्ट दिसली, कुणाच्या मुलीच्या मोबाइलमध्ये दोन मुलांच्या प्रेमाची थायलंडची मालिका दिसली, आणि घरात कुजबुज सुरू झाली. हे काय आहे, कोण लिहितं, आणि आपल्या पोरांनी ते का बघावं? मुलीच्या मोबाइलमध्ये दिसलं याचं तर जास्तच आश्चर्य. पण खरी गंमत तिथेच आहे. जगभर या गोष्टी लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायकांचा भरणा फार मोठा आहे.

आता थोडं मागे जाऊ. ई. एम. फॉर्स्टर नावाचा एक इंग्रज लेखक होता. आपल्या मराठी माणसांशीही त्याचा संबंध आला. देवास थोरली पाती हे पवारांचं संस्थान. तिथे १९२१ साली तो महाराजांचा खासगी चिटणीस होता. हे तुकोजीराव पवार म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. तर या फॉर्स्टरने देवासच्या नोकरीच्या आधीच, १९१३-१४ मध्ये, 'मॉरिस' नावाची कादंबरी लिहून ठेवली होती. त्यात शेअर बाजारात काम करणारा एक मध्यमवर्गीय तरुण आणि जमीनदाराच्या रानाचा एक रखवालदार यांचं प्रेम आहे. फॉर्स्टरने हट्टाने शेवट गोड केला. दोघं एकत्र राहतात, कुणी मरत नाही, कुणी तुरुंगात जात नाही. आणि म्हणूनच ती कादंबरी त्याला छापता आली नाही. इंग्लंडात तेव्हा पुरुषा-पुरुषांमधला संबंध गुन्हा होता. अशा माणसांना शेवटी फासावर चढवलं तर लोकांना चाललं असतं, सुखी ठेवलेलं चाललं नसतं. हस्तलिखित जवळच्या मित्रांमध्ये फिरत राहिलं. १९६७ साली इंग्लंडातला कायदा बदलला, १९७० मध्ये फॉर्स्टर वारला, आणि १९७१ मध्ये पुस्तक बाहेर आलं. जवळजवळ साठ वर्षं एक सुखाचा शेवट पेटीत पडून होता.

त्याच सुमाराला, १९७० मध्ये, अमेरिकेत जोसेफ हॅन्सन या लेखकाने डेव्ह ब्रँडस्टेटर नावाचा नायक उभा केला. हा विमा कंपनीचा तपासनीस. माणूस खरंच मेला का, कसा मेला, विम्याचा दावा खरा की बनावट, हे शोधणारा. ज्या मैत्रिणींनी नवऱ्यामागे विम्याच्या पैशासाठी कागद गोळा करत हेलपाटे घातले आहेत, त्यांना हा माणूस लगेच समजेल. तो समलिंगी आहे, म्हणजे त्याचं प्रेम पुरुषांवर बसतं, आणि लेखक हे अगदी सहज सांगतो, लाजत नाही की गाजावाजा करत नाही. १९९१ पर्यंत या नायकाची बारा पुस्तकं आली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळापहाड जसा वाचनालयातून घरोघरी गेला, तशीच ही रहस्यकथा. फरक एवढाच की रहस्य सुटल्यावर नायक घरी जातो तो आपल्या जोडीदाराकडे.

पण हे दोघेही पुरुष लेखक. बायका यात शिरल्या त्या दुसऱ्याच दाराने. अमेरिकेत टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका गाजली होती. तिच्यातला कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांची दोस्ती प्रेक्षक बायकांना इतकी आवडली, की १९७०च्या दशकात त्यांनी दोघांना प्रेमात पाडून स्वतःच गोष्टी लिहायला घेतल्या. घरी टंकलेखन करायचं, प्रती काढायच्या, टपालाने एकमेकींना पाठवायच्या. दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारत असल्यामुळे या गोष्टींना 'स्लॅश' म्हणजे रेघ असं नाव पडलं. नफा नाही, प्रकाशक नाही, कुणाची परवानगी नाही. आपल्या गटाच्या हस्तलिखित अंकासारखंच म्हणा ना.

जपानमध्येही त्याच दशकात असंच काही घडत होतं. मोतो हागिओ, केइको ताकेमिया या पंचविशीच्या आतबाहेरच्या मुली चित्रकथा काढायच्या. मुलींच्या मासिकांत त्यांनी दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या कथा आणल्या. का, तर मुलीची प्रेमकथा काढली की तिच्या मागे सगळं लटांबर येतं. लग्न कधी, सासर कसं, पोर कधी, अब्रूचं काय. दोन मुलगे दाखवले की हे ओझं गळून पडतं आणि नुसतं प्रेम उरतं, त्यातली ओढ, मत्सर, भीती. वाचणाऱ्या मुलीला वाटलं तर ती दुबळ्या बाजूने वाचेल, वाटलं तर सबळ बाजूने. बाईच्या अंगावर काही बेतत नाही म्हणून बाई निर्धास्त वाचते. आम्हाला हे कारण अगदी पटतं. जपानी बायकांनी या जोडीतल्या दोघांना नावंही दिली, 'सेमे' आणि 'उके'. चढाई करणारा आणि झेलणारा. शब्द आखाड्यातले, पण वापरले प्रेमकथेत.

पुढे इंटरनेट आलं, पुस्तकं थेट फोनवर वाचता येऊ लागली. २००७ मध्ये अमेरिकेत किंडल निघालं, तेव्हापासून तर दुकानदारासमोर लाजण्याचा प्रश्नच मिटला. मुखपृष्ठावर काय आहे हे एसटीत शेजारी बसलेल्याला दिसत नाही. या प्रकारची पेठ वाढली त्याचं हे एक साधं, व्यवहारी कारण आहे.

आता एक नमुना घेऊन नीट बघू. जॉश लॅनियन या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिकेची एड्रियन इंग्लिश ही पाच पुस्तकांची मालिका आहे. पहिलं पुस्तक २००० साली आलं, पाचवं २००९ मध्ये. एड्रियन हा लॉस एंजेलिसजवळ रहस्यकथांच्या पुस्तकांचं दुकान चालवणारा माणूस. कोवळ्या वयात त्याला सांध्यांचा ताप आला आणि त्यात हृदयाला इजा झाली. हा आजार आपल्याकडेही आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, आणि पुढे झडपा खराब होतात. म्हणजे नायक पळाला तर धाप लागणारा. त्याच्या दुकानात काम करणाऱ्या मित्राचा खून होतो आणि पोलीस त्याच्याच दारात येतात. त्यातला एक जेक रिऑर्डन, उंचापुरा, तोंडाने फटकळ, संशयी. एड्रियनवर त्याचा संशय आहे. इकडे एड्रियनला कोणीतरी छळतंय, लपून पाळत ठेवतंय. मग संशय घेणारा पोलीसच हळूहळू राखणदार होतो.

ही सरळ साचेबंद गोष्ट झाली असती. पण लेखिकेने एक पाचर मारून ठेवली आहे. जेक स्वतः समलिंगी आहे आणि हे त्याला कुणालाही कळू द्यायचं नाही. पोलीस खात्यात कळलं तर संपलंच, असं त्याला वाटतं. एड्रियनला मात्र आपण कोण आहोत याची अजिबात लाज नाही. तो दुबळ्या हृदयाचा, पण झोप शांत लागणारा. मग खरा भित्रा कोण, आणि राखण कोण कुणाची करतंय? मालिकेची सगळी मजा या प्रश्नात आहे. बंदूक जेककडे आहे, पण खरं बोलण्याची ताकद एड्रियनकडे. बराच काळ लागतो जेकला चारचौघांत खरं बोलून मोकळं व्हायला, आणि तोपर्यंत त्याने एड्रियनला भरपूर दुखावलेलं असतं.

अशा गोष्टींत संकट कशाला लागतं, असं कुणी विचारेल. नुसतं प्रेम का नाही लिहीत? आमचं म्हणणं असं, की संकट ही पुरुषाला हळवं व्हायची सवलत असते. दणकट माणूस एरवी कुणाच्या कपाळाला हात लावणार नाही. पण समोरच्याला गोळी चाटून गेली असेल, तर मलमपट्टी करावीच लागते. रात्रभर जागं राहून पहारा द्यावा लागतो. लपण्याच्या जागी खोली एकच, खाट एकच, हा तर या लेखिकांचा लाडका डाव आहे. वाचणाऱ्या बाईला गोळीबारात फारसा रस नसतो. तिला तो कपाळावरचा हात हवा असतो. राबणाऱ्या, कमी बोलणाऱ्या पुरुषाने कधीतरी आपल्या ताटात काय वाढलंय हे बघावं, एवढीच ती अपेक्षा. ती घरात पुरी होत नाही म्हणून पुस्तकात शोधली जाते, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यावर आम्हाला थोडं थांबायचं आहे. कोकणात, गोव्यात राखणदार मानतात. गावाच्या वेशीची, बागेची राखण करणारा. त्याला वेळेवर मान द्यावा लागतो, नाहीतर तो कोपतो. कादंबऱ्यांतले बरेच राखणदार असेच असतात. "तुझ्या भल्यासाठी" म्हणून भोळ्याचा फोन काढून घेतात, तो कुणाशी बोलला याचा हिशेब मागतात, दार बाहेरून लावतात, आणि लेखिका ते सारं प्रेम म्हणून खपवते. गोष्टीत खुनी खरोखरच दाराबाहेर असतो, म्हणून ते चालून जातं. आपल्या घराबाहेर खुनी नसतो. तरीही "बाहेर वाईट लोक आहेत" म्हणून सुनेला माहेरी जाऊ न देणारी, तिचा मोबाइल तपासणारी, तिची मजुरी ठेवून घेणारी घरं आपण गटाच्या बैठकीत रोज ऐकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात याला नाव आहे. हात उगारला नाही तरी मानसिक आणि आर्थिक छळ हा हिंसाचारच, आणि त्यासाठी तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात. गंमत बघा, तिथेही शब्द संरक्षणच आहे. पण हे संरक्षण बाईने स्वतः मागायचं असतं, ते तिच्यावर लादलेलं नसतं.

चांगली कादंबरी आणि फालतू कादंबरी यांतला फरक आम्ही इथेच ओळखतो. संकट टळल्यावर राखणदार दार उघडतो का? भोळ्याला "आता जायचंय का तुला?" असं विचारतो का, आणि तो जायचं म्हणाला तर वाट सोडतो का? एड्रियन जेकला नाही म्हणू शकतो, आणि म्हणतोही. बऱ्याच कादंबऱ्यांत भोळ्याला नाही म्हणायची जागाच ठेवलेली नसते. तो इतका भोळा केलेला असतो की वय पंचवीस असून वागणं दहा वर्षांच्या पोराचं. समलिंगी पुरुष वाचकांची तक्रार असते ती याचीच. ते म्हणतात, हा पुरुष नव्हेच, ही लुगडं उतरवून पँट चढवलेली जुनी नायिका आहे. आमचं नाव घेऊन बायका आपल्याच मनातलं लिहितात. तक्रारीत तथ्य आहे. पण याच पुस्तकांत गोड शेवट पहिल्यांदा वाचून धीर आला, असं सांगणारे पुरुषही आहेत.

दुसरी गोष्ट या कथांत राहून जाते, ती म्हणजे बायको. जेक रिऑर्डन मालिकेच्या मध्यावर एका सहकारी पोलीस बाईशी, केटशी, लग्न करायचं ठरवतो. तिला दिवस गेलेले असतात आणि त्याला चारचौघांसारखा संसार दाखवायचा असतो. सगळी गोष्ट एड्रियन सांगतो, त्यामुळे वाचक एड्रियनसाठी हळहळतो. केट मात्र बाजूला उभी राहते. तिचं काय झालं असेल? आपल्याला हा प्रश्न पडायलाच हवा, कारण आपल्याकडे "लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. पोरगा सुधारण्यासारखं काही नसतंच, ती काही व्याधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. पण त्या सल्ल्यापायी परक्या घरची एक मुलगी आयुष्यभर उंबऱ्याच्या आत प्रश्न घेऊन बसते, की आपल्यात काय कमी आहे. ॲनी प्रू या अमेरिकी लेखिकेने १९९७ मध्ये 'ब्रोकबॅक माउंटन' ही दोन गुराख्यांची कथा लिहिली, २००५ मध्ये तिचा सिनेमाही आला. त्यात थरार किंवा राखणदार नाही. पण नवऱ्याला त्याच्या मित्राच्या मिठीत पाहणारी अल्मा दाराशी उभी आहे, आणि लेखिका तिच्याकडे पाठ फिरवत नाही. थरारकथा लिहिणाऱ्यांनी प्रूकडून एवढं घ्यायला हवं होतं.

या गोष्टी लिहिणं सगळीकडे सोपं नाही. चीनमध्ये या प्रकाराला फार मोठा वाचकवर्ग आहे आणि लिहिणाऱ्या बहुतेक तरुण मुलीच. तिथे २०१८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या न्यायालयाने अशा एका लेखिकेला साडेदहा वर्षांची शिक्षा सुनावली. अश्लील पुस्तक छापून विकलं हा आरोप. दोन पुरुषांची गोष्ट लिहिली आणि काही हजार प्रती खपल्या, एवढ्यावर दहा वर्षं. थायलंडमध्ये मात्र अशा मालिका उघड चालतात, आणि जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी जोडप्यांना लग्नाची नोंदणीही करता येते.

आपल्या देशात काय? इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचा संमतीचा खासगी संबंध गुन्हा नाही. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालात मिळाला नाही. मराठीत थरारकथेच्या अंगाने फार लेखन झालेलं आमच्या वाचनात नाही, पण प्रेमाच्या गोष्टी आहेत. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ च्या कादंबरीत एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात. दोघांनाही तो सोडून जातो, आणि दोघांचं दुःख लेखक सारख्याच मापाने मोजतो. आणि रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा सिनेमा तर आपल्याच मातीतला. मुंबईचा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. लग्न कधी करतोस म्हणून नातेवाईक भंडावतात, आणि त्याला आधार होतो तो गावातला जुना मित्र बाळ्या. या सिनेमाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाळ्याकडे पिस्तूल नाही, अंगावर वर्दी नाही. तो फक्त सोबत असतो. आम्हाला तो या सगळ्या राखणदारांपेक्षा उजवा वाटतो. आनंदची आईही बघण्यासारखी आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्ये अशी गोष्ट दिसली तर काय करायचं? पहिलं म्हणजे वय बघा. यातल्या कित्येक कादंबऱ्यांत शरीरसंबंधाची उघड वर्णनं असतात आणि त्या मोठ्यांसाठीच असतात. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथांना जो नियम लावाल तोच इथेही लावा. दुसरं, वाचतो म्हणजे तो तसाच आहे, असा अर्थ काढू नका. आपण खुनाच्या गोष्टी वाचतो म्हणून कुणी खुनी होत नाही. आणि खरोखर तसा असेल, तर वाचल्यामुळे झालेला नसतो. मारझोड करू नका, फोन फोडू नका, देवऋषाकडे नेऊ नका. बरं करून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या दवाखान्याची पायरी चढू नका. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. पोरगं गप्प गप्प राहत असेल, जेवण सुटलं असेल, जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. घरात बाईलाच त्रास असेल तर १८१.

एका गटाने विचारलं होतं, की अशी गोष्ट बैठकीत मोठ्याने वाचावी का? 'कोबाल्ट ब्लू'मधला बहिणीचा भाग वाचून बघा. अनुजा तिचं नाव. पुस्तक लहान आहे, जिल्ह्याच्या ग्रंथालयात मागितलं तर मिळू शकेल. आधी एकीने घरी वाचून काढा, मग कुठली पानं बैठकीत घ्यायची ते गटाने ठरवा.